टिकणाऱ्या फोटोचा भाव

प्लॅटिनम प्रिंट म्हटले की आज डोळ्यासमोर येते ती आर्ट गॅलरी, पांढऱ्या भिंती आणि किंमत विचारायलाही संकोच वाटावा असा थाट. दागिन्यांच्या दुकानातला धातू आणि त्यात हाताचे काम, म्हणजे हा श्रीमंतांचाच शौक असणार असे आपण धरून चालतो. पण सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये प्लॅटिनमचा कागद फोटोच्या सामानाबरोबर तयार विकत मिळत होता. पुस्तकविक्रेते, डॉक्टर, पेढीवरचे हिशेबनीस तो घेत आणि घरी फोटो छापत. साधारण तीन दशके हा टिकाऊ फोटो मध्यमवर्गाच्या आवाक्यात होता. नंतर तो हातातून निसटला. कसा निसटला आणि पुन्हा आवाक्यात आणायचे प्रयत्न कसे होत राहिले, याची ही तवारीख.

मी रसायनशास्त्राचा माणूस नाही. इतिहास वाचताना आणि लिहिताना मला एक प्रश्न सतत छळतो. कुणाचा चेहरा टिकतो आणि कुणाचा पुसला जातो? राजे-सरदारांची चित्रे टिकतात, कारण ती जपायला माणसे असतात, दालने असतात, पैसा असतो. सामान्य घरातला फोटो मात्र ज्या कागदावर छापला त्या कागदाच्या कुवतीइतकाच जगतो. म्हणून फोटोच्या कागदाचा भाव ही मला निव्वळ बाजाराची गोष्ट वाटत नाही.

फिके पडणारे चेहरे

१८३९ मध्ये फोटोग्राफी जगासमोर आली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांतच लोकांच्या लक्षात आले की कागदावरचे फोटो फिके पडतात. तेव्हाचा कागदी फोटो चांदीच्या क्षारांवर चाले. चांदीला गंधकाचे वावडे. दगडी कोळशाच्या धुराने भरलेल्या लंडनच्या हवेत गंधक भरपूर, त्यात दमट हवामान. प्रिंट नीट धुतली गेली नाही तर तिच्यात उरलेले रसायनही आतून चित्र खात राही. काळे भाग पिवळट पडत, चेहऱ्यांचे बारकावे नाहीसे होत.

तक्रारी इतक्या वाढल्या की १८५५ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने या फिकेपणाची चौकशी करायला खास समिती नेमली. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी तिच्या कामासाठी ५० पाउंड दिले. समितीने कारणे शोधली: अपुरी धुलाई, ओलावा, हवेतले गंधक. इलाज मात्र अर्धाच होता, कारण मूळ अडचण चांदीच्या स्वभावात होती.

आपल्या पिढीने हाच अनुभव दुसऱ्या रूपात घेतला आहे. आमच्या घरच्या अल्बममध्ये दादाजानचा कृष्णधवल फोटो अजून खणखणीत आहे. त्याच्या कितीतरी नंतरचे, १९८० च्या दशकातले रंगीत फोटो मात्र तांबूस झाले आहेत. अम्मीच्या हिरव्या ओढणीचा रंग आता फक्त तिच्या आठवणीत उरला आहे. नवे तंत्र जुन्यापेक्षा जास्त टिकते, हा समज फोटोच्या बाबतीत अनेकदा खोटा ठरला आहे.

उजेडाचे काम लोखंडाचे

चांदीऐवजी प्लॅटिनम वापरावे ही कल्पना सुचायला सोपी होती. हा धातू हवेने काळवंडत नाही, गंधकाला भीक घालत नाही, साध्या आम्लांना बधत नाही. प्लॅटिनमच्या क्षारावर उजेडाचा परिणाम होतो हे जॉन हर्शेल यांनी १८३२ च्या सुमारास पाहिले होते. १८४० च्या दशकात रॉबर्ट हंट यांनी प्रयोग करून पाहिले, पण भरवशाचा फोटो हाती लागला नाही.

तो जमवला विल्यम विलिस या इंग्रज माणसाने. त्यांचे वडीलही छपाईच्या पद्धती शोधणारे. विलिस यांनी १८७३ मध्ये पहिले पेटंट घेतले, १८७८ आणि १८८० मध्ये त्यात सुधारणा केल्या आणि १८७९ मध्ये प्लॅटिनोटाइप कंपनी स्थापन केली. कंपनी तयार कागद विकू लागली. दर वेळी लेप लावण्याची कटकट गेली आणि एकाच दर्जाचा माल मिळू लागला. कारखान्यात मोठ्या प्रमाणावर कागद तयार झाल्यामुळेच हे काम हौशी लोकांना झेपू लागले.

पद्धत थोडक्यात सांगतो, कारण खर्चाचा सगळा हिशेब तिच्यात दडलेला आहे. कागदावर दोन गोष्टींचा लेप असतो. एक, फेरिक ऑक्झलेट नावाचा लोखंडाचा क्षार. दुसरा, प्लॅटिनमचा क्षार. उजेड टिपायचे काम लोखंड करते. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी लोखंडाचे रूप बदलते. मग कागद पोटॅशियम ऑक्झलेटच्या द्रावणात घातला की बदललेले लोखंड विरघळते आणि विरघळता विरघळता शेजारच्या प्लॅटिनमच्या क्षाराचे शुद्ध धातूत रूपांतर करते. शेवटी सौम्य आम्लात धुऊन उरलेले लोखंड काढून टाकायचे. कागदाच्या तंतूंमध्ये उरतो तो प्लॅटिनमचा अतिबारीक चुरा. वर जिलेटीनचा थर नाही, चमक नाही. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या छटांचा एक लांब, मऊ उतार मिळतो.

अडचणीही होत्या. प्रिंट निगेटिव्हच्या आकाराचीच निघे, कारण निगेटिव्ह कागदाला चिकटवूनच उन्हात ठेवावी लागे. ओलावा लागला की लेप बिघडे, म्हणून कागद बंद डब्यात, पाणी शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडबरोबर ठेवत. आपल्या कोकणच्या पावसाळ्यात त्या डब्याला किती जपावे लागले असते, याचा अंदाज करता येतो.

विलिस यांची पद्धत पेटंटची होती. पण १८८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या लष्करातले दोन अधिकारी, ज्युझेप्पे पिझिगेल्ली आणि आर्थर फॉन ह्यूब्ल, यांनी या छपाईची कृती सविस्तर छापून टाकली. ज्याला हवे त्याने घरी कागद बनवावा. पुढच्याच वर्षी तिचे इंग्रजी भाषांतर आले. एकीकडे कंपनीचा तयार माल, दुसरीकडे सर्वांसाठी खुली कृती. या दोन्ही वाटांनी प्लॅटिनम लोकांपर्यंत पोचले.

हिशेबनीस आणि पुस्तकविक्रेता

हा कागद कुणी वापरला? पीटर हेन्री इमर्सन पेशाने डॉक्टर. चित्रकार टी. एफ. गुडॉल यांच्यासोबत त्यांनी पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या पाणथळ प्रदेशावर १८८६ मध्ये एक पुस्तक तयार केले. त्यात ४० प्लॅटिनम प्रिंट होत्या. विषय कोणते? बोरू कापणारे मजूर, मासेमार, शेतावरची माणसे. राजघराण्याला शोभेल असा धातू मजुरांच्या चेहऱ्यांसाठी वापरला गेला. त्या मजुरांपैकी कुणाला हे पुस्तक विकत घेणे परवडले नसणार, हेही खरे.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या न्यूअर्क गावी क्लॅरेन्स व्हाइट किराणा मालाच्या घाऊक पेढीवर हिशेबनीस होते. पगार असा की आठवड्याला काचेच्या दोनच निगेटिव्ह परवडत. नोकरीच्या वेळेआधी किंवा नंतर ते घरच्यांना आणि शेजाऱ्यांना उभे करून फोटो घेत. या दोन काचांच्या जिवावर त्यांनी केलेल्या प्लॅटिनम प्रिंट आज मोठ्या संग्रहालयांत आहेत.

लंडनचे फ्रेडरिक इव्हान्स यांचे पुस्तकांचे दुकान होते. १८९८ मध्ये दुकानातून निवृत्त होऊन त्यांनी जुनी कॅथेड्रल टिपायला वाहून घेतले. वेल्स कॅथेड्रलच्या झिजलेल्या पायऱ्यांचा त्यांचा १९०३ चा फोटो प्रसिद्ध आहे. दगडावरून घसरत जाणारा उजेड त्यांना हवा तसा फक्त प्लॅटिनमच्या कागदावर उतरत असे. पुढे तो कागद मिळेनासा झाला, तेव्हा त्यांनी फोटोग्राफी जवळपास सोडूनच दिली.

धातूला लागलेले युद्ध

कागद मिळेनासा का झाला, हे समजायला धातूची कुंडली पाहावी लागते. प्लॅटिनम नेहमीच महाग नव्हते. दक्षिण अमेरिकेतल्या स्पॅनिश लोकांनी त्याला नाव दिले 'प्लाटिना', म्हणजे हिणकस, छोटी चांदी. वितळता वितळेना, आणि सोन्यात भेसळीला तेवढे उपयोगी. रशियातल्या उरल पर्वतात त्याचे साठे सापडले, तेव्हा एवढ्या धातूचे करायचे काय म्हणून रशियन सरकारने १८२८ ते १८४५ या काळात प्लॅटिनमची नाणी पाडली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातले बहुतेक प्लॅटिनम रशियातून येत होते. त्याच काळात रसायन उद्योगाला त्याचे मोल कळले. सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल मोठ्या प्रमाणावर बनवताना प्लॅटिनम उत्प्रेरक म्हणून लागते, आणि या आम्लांशिवाय स्फोटके बनत नाहीत. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि सरकारांनी प्लॅटिनमवर हात ठेवला. १९१७ मध्ये रशियात क्रांती झाली, पुरवठाही कोलमडला. १९१८ मध्ये अमेरिकी सरकारने प्लॅटिनमचा भाव औंसाला १०५ डॉलर बांधला. सोन्याचा सरकारी भाव तेव्हा औंसाला २०.६७ डॉलर होता. सोन्याच्या पाचपट महाग धातू फोटोच्या कागदावर कोण लावणार? कोडॅकने १९१६ मध्येच आपला प्लॅटिनम कागद बंद केला होता.

माणसांचे चेहरे टिकवणारा धातू माणसे मारण्याच्या कारखान्यात गेला. हे लिहिताना मला अलंकार वापरायचा नाही. खरेच तसे झाले.

'नवी चांदी'

विलिस तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते, पण त्यांनी हार मानली नाही. त्यांच्या कंपनीने आधी चांदी आणि प्लॅटिनम मिसळलेला सटिस्टा नावाचा कागद काढला आणि १९१६ मध्ये पॅलॅडियमचा कागद बाजारात आणला. पॅलॅडियम प्लॅटिनमचे सख्खे भावंड. तीच कृती, तोच टिकाऊपणा, फक्त रंग जरा उबदार, तपकिरीकडे झुकणारा. वर हा धातू हलका. प्लॅटिनमचा अणुभार सुमारे १९५, पॅलॅडियमचा १०६. तेवढेच अणू कागदावर बसवायला जवळपास निम्मे वजन पुरते. म्हणजे भाव सारखा असला तरी खर्च निम्मा.

पॅलॅडियमचा जन्मच मुळी दुकानात झाला, ही गोष्ट मला फार आवडते. विल्यम वोलास्टन यांनी १८०२ मध्ये हा धातू शोधला, पण शोध जाहीर केला नाही. १८०३ मध्ये लंडनच्या सोहो भागातल्या एका दुकानात तो 'नवी चांदी' म्हणून विकायला ठेवला आणि निनावी जाहिरातपत्रक वाटले. रिचर्ड शेनेव्हिक्स या रसायनशास्त्रज्ञाने हा प्लॅटिनम आणि पाऱ्याचा मिश्रधातू असल्याचे सांगितले. मग निनावी मालकाने असा धातू बनवून दाखवणाऱ्याला २० पाउंड बक्षीस लावले. कुणाला जमले नाही. १८०५ मध्ये वोलास्टन यांनी खरे काय ते सांगितले.

ही स्वस्त 'नवी चांदी' १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोचली. एडवर्ड वेस्टन आणि टीना मोडोटी तिथे पोर्ट्रेट काढून पोट भरत होते आणि पॅलॅडियमचा कागद वापरत होते. मोडोटी इटलीतल्या उदिने शहरातल्या गरीब कामगाराची मुलगी. लहान वयात कापडाच्या कारखान्यात राबलेली, पुढे अमेरिकेला गेलेली. १९२४ मध्ये तिने चार गुलाबांचा फोटो काढून पॅलॅडियमवर छापला. १९४२ मध्ये मेक्सिको सिटीत तिचे निधन झाले. १९९१ मध्ये त्या गुलाबांची एक प्रिंट न्यूयॉर्कच्या लिलावात १ लाख ६५ हजार डॉलरना गेली. महाग प्लॅटिनमला पर्याय म्हणून निघालेल्या कागदावरचे ते चित्र होते.

हाताने लेप, उन्हात छपाई

युद्ध संपले तरी जुना जमाना परतला नाही. लहान कॅमेरे आले, छोट्या निगेटिव्हवरून मोठा फोटो करणारे एन्लार्जर आले. त्यांना झटपट उजेड टिपणारा चांदीचा कागद हवा होता. प्लॅटिनमला ते जमणारे नव्हते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तयार कागद बाजारातून जवळपास नाहीसा झाला.

१९६० च्या दशकात फॅशन फोटोग्राफर अर्व्हिंग पेन यांनी जुनी पुस्तके आणि लेख धुंडाळून ही कला पुन्हा उभी केली. कागद अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा लेप देऊन छापता येते, ही त्यांची युक्ती. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांनी रस्त्यावर उचललेली सिगारेटची थोटके प्लॅटिनममध्ये मांडली. पण पेन यांच्याकडे साधने होती. सामान्य माणसाला ही वाट किफायतशीर केली ती पुढच्या लोकांनी. १९८० च्या दशकात ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ माइक वेअर आणि टांझानियात जन्मलेले फोटोग्राफर प्रदीप मालदे यांनी अशी पद्धत प्रसिद्ध केली की चित्र उन्हात असतानाच उमटताना दिसते. अंदाज चुकून फुकट जाणारे कागद त्यामुळे कमी झाले. १९९५ मध्ये डॅन बर्कहोल्डर यांनी संगणकावर मोठी निगेटिव्ह बनवण्याचे पुस्तक काढले. आता भल्यामोठ्या कॅमेऱ्याची गरज उरली नाही. फोनवरचा फोटोही साध्या इंकजेट प्रिंटरने पारदर्शक फिल्मवर काढून त्याची निगेटिव्ह करता येते. ऊन तर आपल्याकडे फुकटच आहे.

पैसा नेमका कुठे जातो?

आता हिशेब मांडू. ८ बाय १० इंचाच्या प्रिंटला धातूच्या क्षाराचे साधारण १ मिलिलिटर द्रावण लागते. २० टक्क्यांच्या द्रावणात तेवढ्यात प्लॅटिनम धातू भरतो जेमतेम ०.१ ग्रॅम. पॅलॅडियमचे नेहमीचे द्रावण घेतले तर धातू ०.०५ ग्रॅमच्या आसपास. धातूचा भाव औंसाला १००० डॉलर धरला, तर प्लॅटिनम तीन डॉलरचे आणि पॅलॅडियम पावणेदोन डॉलरचे. म्हणजे एका प्रिंटमधले पॅलॅडियम आपल्याकडच्या एका बिर्याणीच्या प्लेटीच्या भावात येते. क्षाराची छोटी बाटली घेताना यापेक्षा बरेच जास्त मोजावे लागतात, हे खरे. तरीही गॅलरीतल्या किंमतीशी याचे काही नाते दिसत नाही.

बाकी पैसा कुठे जातो? सुती कागदात. फसलेल्या प्रिंटमध्ये, कारण टाकून दिलेल्या कागदावरही तेवढाच धातू असतो. छापणाऱ्याच्या वेळेत आणि हुन्नरात. विक्रीच्या किंमतीतून गॅलरी घेते त्या वाट्यात, जो अनेकदा निम्मा असतो. आणि 'फक्त दहा प्रती' या वाक्यात. एका निगेटिव्हवरून शेकडो प्रिंट निघू शकतात. दहावर थांबणे हा बाजाराचा निर्णय आहे. म्हणून ज्यांना स्वस्त विकायचे आहे ते आकार लहान ठेवतात, पॅलॅडियम जास्त वापरतात, कुंचल्याऐवजी काचेच्या कांडीने लेप देऊन द्रावण वाचवतात आणि प्रतींवर मर्यादा घालत नाहीत. घेणाऱ्यानेही विचारावे की यात प्लॅटिनम किती आणि पॅलॅडियम किती. सांगायला लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.

धातूचा भाव मात्र कुणाच्या हातात नाही. मोटारींच्या धुराड्यात दोन्ही धातू वापरले जाऊ लागले आणि स्वस्त भावंड कधी कधी महाग झाले. २००१ च्या सुरुवातीला पॅलॅडियमने औंसाला १००० डॉलर ओलांडले, दोन वर्षांत ते २०० च्या खाली आले. २०१७ मध्ये ते प्लॅटिनमच्या पुढे गेले. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवर हल्ला झाल्यावर, ३००० डॉलरच्या वर. पुन्हा एक युद्ध, पुन्हा रशिया.

भावाला आणखी एक बाजू आहे. आजचे बहुतेक प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून येते. १६ ऑगस्ट २०१२ रोजी मारिकाना इथे पगारवाढीसाठी संपावर असलेल्या प्लॅटिनम खाणकामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ३४ जण मेले. एका प्रिंटमधला ०.१ ग्रॅम फार थोडा आहे. तरी स्वस्त या शब्दाचा हिशेब करताना खाली उतरून तो धातू काढणाऱ्याची मजुरी धरायला हवी.

शेवटी टिकण्याबद्दल. प्लॅटिनम झिजत नाही, पण कागद झिजतो. उलट हा धातू कागदातल्या आम्लाच्या कामाला गती देतो. जुन्या प्लॅटिनम प्रिंटचा कागद पिवळा, ठिसूळ झालेला दिसतो, आणि समोरच्या पानावर चित्राची फिकट सावली उमटलेली असते. म्हणून चांगला सुती कागद निवडणे हे धातू निवडण्याइतकेच महत्त्वाचे.

आपल्या फोनमध्ये आज हजारो फोटो आहेत आणि कागदावर त्यातला एखादाच उतरतो. ज्याला जमेल त्याने घरातल्या वडीलधाऱ्यांचा एक फोटो निवडावा, तळहाताएवढी पॅलॅडियम प्रिंट करून घ्यावी आणि मागे पेन्सिलीने नाव लिहावे. इमर्सनच्या फोटोंतल्या मजुरांचे चेहरे आजही स्पष्ट दिसतात. त्यांच्याकडे पाहताना मी नेहमी नावे शोधतो.